हत्तिणीच्या काट्याची पडताळणी

प्राणिसंग्रहालयात माणसं हत्ती बघायला जातात. काटेसाहेबांनी हत्ती सगळ्यात शेवटी बघितला. आधी त्यांनी पाटी बघितली.

पाटी हत्तिणीच्या आवाराबाहेर, खंदकाच्या अलीकडे एका लोखंडी खांबावर होती. तिच्यावर हत्तिणीचं वय, खाणं, झोप अशी सगळी माहिती होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : वजन ३४२० किलो, दर महिन्याला मोजले जाते. खंदकापलीकडे साक्षात हत्तीण उभी होती. उंच टांगलेल्या जाळीतून सोंडेने गवत ओढत होती, मधूनच पाठीवर वाळू उडवत होती, कंटाळा आला की साखळीला लटकवलेल्या टायरला धक्का देत होती. बघणारे हरखून गेले होते. काटेसाहेबांची आठ वर्षांची नात कठड्याला नाक चिकटवून उभी होती. आणि काटेसाहेब चष्मा कपाळावर ढकलून पाटीच्या मागच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का, ते तपासत होते.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकतीस वर्षं वजनमापं निरीक्षकाची नोकरी केल्यावर माणसाचं खरं नाव मतदार यादीपुरतं उरतं. शहरातल्या एकूण एक तराजूला त्यांनी कधी ना कधी घाम फोडला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी कुठेही वजनाचा आकडा दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या भिंगाकडे जायचा. माणूस निवृत्त होतो, सवयी होत नाहीत, आणि त्यांच्या सवयींना तर मुदतवाढ मिळालेली होती.

हत्तिणीचा माहूत जवळच नळावर बादली भरत होता. हे वजन कशावर केलं, असं काटेसाहेबांनी त्याला विचारलं. माहुताने कौतुकाने सांगितलं की मागच्या बाजूला जमिनीत बसवलेला मोठा काटा आहे, मावशी आंघोळीला जाते ती त्याच्यावरूनच जाते. हत्तिणीला तो मावशी म्हणत असे. काट्याची पडताळणी शेवटची कधी झाली आणि शिक्का कोणत्या सालचा आहे, असं काटेसाहेबांनी विचारल्यावर मात्र त्याने आधी बादलीत बघितलं, मग आभाळात बघितलं आणि म्हणाला, काटा चालतो साहेब, आकडे लाल दिसतात.

"म्हणजे शिक्का नाही," काटेसाहेब म्हणाले.

हे ते पुटपुटले नाहीत. बाजाराच्या गलक्यात बोलून बोलून त्यांच्या आवाजाला पुटपुटणं ठाऊकच नव्हतं. आजूबाजूच्या दहाबारा माणसांनी हत्तिणीवरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. "ज्या काट्याला शिक्का नाही त्याचा आकडा म्हणजे अफवा," त्यांनी त्या दहाबारा जणांना समजावून सांगितलं. "या हत्तिणीचं वजन आज कोणालाही माहीत नाही."

इथे ते थांबले असते तर ही गोष्ट पाटीपाशीच संपली असती. पण नातीने कठड्यावरून नाक काढलं आणि विचारलं, "आजोबा, मग तुम्ही करणार तिचं वजन?" आता आठ वर्षांची नात असं तोंडाकडे बघून विचारत असताना नाही म्हणणारा आजोबा अजून जन्माला यायचाय.

"करणार म्हणजे काय," काटेसाहेब म्हणाले. "करणारच."

दोन दिवसांनी नातीच्या वहीतून वर्गबाईंची चिठ्ठी आली. आपण हत्तीचे वजन करणार असल्याचे कळले, अत्यंत आनंद झाला, पुढच्या शनिवारी आमचा संपूर्ण वर्ग ते बघायला येत आहे, मुले चौतीस. काटेसाहेबांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग नातीकडून हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. प्राण्यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. ती उभी राहून म्हणाली की हत्तिणीचं वजन सोडून नऊ ओळी तयार आहेत, वजन आजोबा करून देणार आहेत. आजोबा हत्तिणीला उचलणार नाहीत, फक्त मोजणार आहेत, हेही तिने आवर्जून सांगितलं होतं. तर शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की कोणाचे आजोबा हत्तीचं वजन करत नसतात, हिचे आजोबा थापा मारतात.

"तुम्ही थापा मारत नाही ना, आजोबा?" नातीने विचारलं.

एकतीस वर्षांत काटेसाहेबांना लोक पुष्कळ काही म्हणाले होते. खडूस म्हणाले, हेकट म्हणाले, एका मिठाईवाल्याने तर भर बाजारात शाप दिला होता. पण खोटा कोणी म्हटलं नव्हतं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शनिवारी अकरा वाजता असं जाहीर केलं.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडत होत्या. सगळी गल्लीच त्यांना काकू म्हणत असे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हत्तिणीने तक्रार दाखल केली होती का तुमच्याकडे?"

काटेसाहेबांनी या प्रश्नाची नोंद घेतली नाही. घरातल्या वजनमापांच्या बाबतीत काकूंनी खरं तर बोलायला नको होतं, असं त्यांचं मत होतं, कारण त्या बाबतीत त्यांनी घरात काही कमी ठेवलं नव्हतं. काकूंचे गुडघे दुखत म्हणून डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला काकू कपाटाशेजारच्या काट्यावर उभ्या राहत आणि काटेसाहेब जमिनीवर गुडघे टेकून भिंगातून आकडा वाचत. काटा वाचताना फक्त काट्याकडे बघायचं, समोरच्याच्या तोंडाकडे नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. तोंडाकडे बघितलं की दया येते. आकडा मग निळ्या वहीत, तारीखवार. सहा वर्षं काकूंचं वजन चौसष्ट होतं. सरकारी वजनंसुद्धा वापरून वापरून झिजतात, पण आमच्या घरातलं माणूस बघा, असं ते अभिमानाने चारचौघांत सांगत.

दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या जुन्या कचेरीत गेले. मोठा काटा तपासायचा तर त्याच्यावर खरी वजनं ठेवून बघावी लागतात. कचेरीच्या तळघरात वीस वीस किलोची पन्नास वजनं होती, ओळीने मांडलेली, आणि त्यातलं प्रत्येक काटेसाहेब चेहऱ्याने ओळखत. त्यांच्या खुर्चीत आता त्यांचाच जुना हाताखालचा माणूस बसला होता. वीस वर्षं तो प्रत्येक वाक्याला होय साहेब म्हणायचा म्हणून कचेरीत त्याला होयबा म्हणत. होयबाने उठून नमस्कार केला, चहा मागवला, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग वीस वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणाला.

वजनं हलवायची तर अर्ज हवा, तो काट्याच्या मालकाने केलेला हवा, तीन प्रतींत हवा आणि गाडीची पाळी पुढच्या वर्षी येईल. हे सगळं काटेसाहेबांना मान्य होतं, कारण हे नियम त्यांनीच बसवले होते. पण होयबाने आणखी एक कागद काढला. जो काटा खरेदीविक्रीसाठी वापरात नाही त्याला पडताळणीची गरज नाही, असं त्या परिपत्रकात लिहिलं होतं.

"साहेब, हत्तीण विकायला काढलीय का?" होयबाने अगदी नम्रपणे विचारलं.

"नाही."

"मग आपला कायदा तिला लागू नाही. खाली सही बघा."

सही काटेसाहेबांची होती. ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. आपल्याच अक्षराने आपल्याला असं दारातून परत पाठवावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मसुदा मात्र चांगला जमलाय हे त्यांना कबूल करावं लागलं.

एव्हाना गल्लीत बातमी फुटली होती आणि सल्ले यायला सुरुवात झाली होती. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, हत्तिणीचा एकेक पाय चार वेगवेगळ्या काट्यांवर ठेवा आणि बेरीज करा. हत्तिणीला हे कोण सांगणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या एकाने विचारलं की तिला उपाशी ठेवून मोजणार की जेवल्यावर, कारण त्यात म्हणे एका माणसाच्या वजनाचा फरक पडतो. सगळ्यात वैताग आणला तो समोरच्या शिंप्याने. हा शिंपी गळ्यात टेप घालून झोपतो अशी वदंता होती. काटेसाहेब वजनाचे, तो लांबीरुंदीचा, आणि दोन्ही मापं एकाच खात्यात येत असूनही, किंवा म्हणूनच, दोघांचं पंचवीस वर्षं पटलं नव्हतं. तो मुद्दाम जाऊन हत्तीण बघून आला आणि दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, "साडेतीन टन. शिलाईत थोडं इकडेतिकडे."

"टेप न लावता?" काटेसाहेबांनी विचारलं.

"गिऱ्हाईक दारातून आत आलं की मला कापड किती लागेल ते कळतं," शिंपी म्हणाला. असल्या माणसाशी काय बोलणार.

बुधवारी काटेसाहेब प्राणिसंग्रहालयाच्या प्रमुख डॉक्टरबाईंना भेटले. त्या आपल्याला उडवून लावतील अशी त्यांची समजूत होती आणि त्यासाठी त्यांनी चार सणसणीत वाक्यं तयार ठेवली होती. पण डॉक्टरबाईंनी त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं. हत्तिणीच्या पुढच्या पायाचं नख चिघळलं होतं. पुढच्या आठवड्यात तिला गुंगीचं औषध देऊन ते साफ करायचं होतं आणि औषध वजनावर ठरतं. कमी पडलं तर ती मध्येच जागी होणार, जास्त झालं तर काय होईल हे त्या बोलल्या नाहीत. काटा एकदा तपासून द्या म्हणून त्यांनी वजनमापं कचेरीला चार पत्रं लिहिली होती. चारही वेळा एकच उत्तर आलं होतं. त्यांनी फाइल उघडायला सुरुवात केली तेव्हा काटेसाहेब घाईघाईने म्हणाले, मजकूर मला ठाऊक आहे.

त्या खोलीतून बाहेर पडताना काटेसाहेबांची चाल बदलली होती. इतका वेळ नुसत्या शब्दाचा प्रश्न होता. आता पलीकडे एक जिवंत हत्तीण होती, तिचा दुखरा पाय होता आणि आड आलं होतं त्यांचंच परिपत्रक. हे त्यांना खरोखर लागलं. वजनं मिळणार नव्हती. पण नियमपुस्तकात एक कलम होतं, जे त्यांच्या आख्ख्या नोकरीत कोणी वापरलं नव्हतं : खरी वजनं अपुरी असतील तर ज्याचं वजन आधी पडताळलेलं आहे आणि बदलणारं नाही, अशी कोणतीही वस्तू काट्यावर ठेवून चालेल. धान्याची पोती आणावीत असं त्यांच्या मनात आलं. माहूत म्हणाला, आणा, पण मावशीला वास लागला तर परत नेताना मोजावी लागणार नाहीत.

"आमचा वर्ग घ्या ना, आजोबा," रात्रीच्या जेवणाच्या ताटावर नात म्हणाली. "आम्ही चौतीस आहोत. आणि बाई सांगतात तेव्हा आम्ही अजिबात हलत नाही."

काटेसाहेबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि नियमपुस्तक आणायला उठले.

गुरुवारी आणि शुक्रवारी कोपऱ्यावरच्या धान्यवाल्याच्या दुकानात माणसांचं वजन झालं. त्याच्या काट्यावरचा शिक्का काटेसाहेबांनी निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मारलेला होता आणि धान्यवाल्याने तो न सांगता पुन्हा वेळेवर मारूनही घेतला होता, त्यामुळे त्या काट्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा विश्वास होता. चौतीस मुलं, वर्गबाई, शिंपी, स्वतः धान्यवाला आणि गल्लीतले चार जण. काटेसाहेबांनी प्रत्येकाला छापील सूचना दिल्या. शनिवारी हेच कपडे, हीच पादत्राणं, खिशात हेच सामान. वजनानंतर कोणीही वाढू नये. शिंप्याने टेप काढायला नकार दिला, म्हणून टेपसह अशी नोंद झाली. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पोट आत घेतलं, त्याने काट्याला काही फरक पडत नाही हे त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली.

काकू मात्र दुकानात आल्या नाहीत.

"माझं वजन तुमच्याकडे आहे की," त्या म्हणाल्या. "तुमच्याच वहीत, तुमच्याच अक्षरात, सहा वर्षांचं. त्या धान्यवाल्याच्या काट्यावर जास्त विश्वास आहे का तुमचा?"

 काटेसाहेबांनी यादीत बेचाळिसावं नाव लिहिलं आणि पुढे चौसष्ट. एकूण बेरीज झाली एक हजार चारशे बारा किलो.

शनिवारी पहिली अडचण मागच्या फाटकावर आली. तिथल्या कारकुनाच्या नोंदवहीत दोनच रकाने होते, प्राणी आणि चारा. माणसं या फाटकाने आत जात नाहीत, असं त्याने सांगितलं. डॉक्टरबाईंचं पत्र दाखवल्यावर तो म्हणाला की सोडायला हरकत नाही, पण लिहू कशात? बराच विचार करून त्याने विचारलं, ही सगळी मंडळी संध्याकाळी परत बाहेर येणार का? काटेसाहेब म्हणाले, अर्थात. मग चारा नाही, असा निष्कर्ष काढून कारकुनाने लिहिलं : प्राणी, तात्पुरते, नग त्रेचाळीस. वर्गबाईंनी नाराजीने पदर सावरला.

दुसरी अडचण दाताची. एका मुलाचा पुढचा दात शुक्रवारी संध्याकाळी पडला होता. त्याच्या आईने तो काडेपेटीत घालून पाठवला होता. काटेसाहेबांनी दात मुठीत धरायला सांगितला आणि काडेपेटी बाहेर ठेवायला लावली. एवढा काटेकोर माणूस आपण बघितला नाही, असं वर्गबाई म्हणाल्या, आणि काटेसाहेबांनी ती स्तुती समजून मान लववली.

काटा एका रुंद बोळात होता. जमिनीशी सपाट असा लोखंडी चौथरा, दोन्ही बाजूंना जाड नळ्यांचा कठडा आणि समोरच्या भिंतीवर लाल आकड्यांची पेटी. हत्तीण पलीकडच्या बंद फाटकाआड उभी राहून हे सगळं बघत होती. पेटीत शून्य आलं आणि काटेसाहेबांनी हात वर केला. बेचाळीस माणसं चौथऱ्यावर चढली. दाटीवाटी झाली. शिंप्याच्या पायावर धान्यवाला उभा राहिला. कोणी कठड्याला हात लावलेला नाही, हे काटेसाहेबांनी स्वतः फिरून बघितलं. शेवटी बाई म्हणाल्या, मुलांनो, स्तब्ध, आणि मुलांबरोबर मोठी माणसंही श्वास रोखून उभी राहिली. काटेसाहेबांनी भिंग काढलं. आकडे वीतभर उंचीचे होते, तरी काढलं.

एक हजार चारशे अठरा.

त्यांनी पुन्हा शून्य करून पुन्हा सगळ्यांना चढवलं. अठराच. तिसऱ्यांदाही अठराच. मग काटेसाहेब वळले आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "काटा सहा किलो जास्त दाखवतो," त्यांनी जाहीर केलं. "मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या बाकावरच्या मुलीने वाजवल्या नाहीत, पण तिने नातीकडे बघून भुवया वर केल्या, आणि नातीची मान ताठ झाली. काटेसाहेबांना वाटलं, कचेरीत निरोप समारंभाला शाल मिळाली त्यापेक्षा हे बरं.

मग माणसं कठड्याबाहेर गेली आणि माहुताने फाटक उघडलं. मावशी संथपणे आली, रोजच्या सवयीने चौथऱ्यावर थांबली. काटेसाहेब पेटीकडे डोळे लावून उभे होते, माहूत पेटीकडे बघत होता, डॉक्टरबाई पेटीकडे बघत होत्या. तीन हजार चारशे वीस. म्हणजे पाटीवरचाच आकडा, आणि काटा जास्त दाखवतो म्हणजे खरं वजन त्याहून कमी. डॉक्टरबाईंनी औषध कमी करायचं म्हणून वहीत लिहायला घेतलं.

"आजोबा," नात म्हणाली, "ती टेकलीय."

पेटीकडे न बघणारी तिथे ती एकटीच होती, कारण ती हत्तीण बघायला आली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. मावशीने सोंड कठड्याच्या नळीवर आडवी टाकली होती आणि तिच्यावर आपलं भलंथोरलं डोकं सैल सोडून डोळे अर्धवट मिटले होते. माहूत म्हणाला, ती नेहमीच असं करते, नळी गार लागते तिला. काटेसाहेबांनी माहुताला भोपळा दाखवायला सांगितला. मावशीने सोंड उचलली. पेटीत आकडा सरसर चढला आणि तीन हजार पाचशे आठवर थांबला. भोपळा तोंडात गेला, सोंड पुन्हा नळीवर आली, पुन्हा तीन हजार चारशे वीस.

"साडेतीन टन," मागून शिंपी म्हणाला. "शिलाईत थोडं इकडेतिकडे."

पण काटेसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. तागडीला बोट लावून वजन वाढवणारे शेकडो दुकानदार त्यांनी पकडले होते. वजन कमी भरावं म्हणून कोणी टेकेल, हे त्यांच्या एकतीस वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं. कोण असं करेल? आणि मग त्यांच्या डोळ्यांसमोर दर महिन्याची एक तारीख आली. कपाट. कपाटाची कडी. आपण खाली, भिंग लावून, आणि वर काय चाललंय ते कधीच न बघितलेलं. त्यांनी हळूच काकूंकडे पाहिलं. काकू हत्तिणीकडे बघत होत्या, गुन्ह्यातला साथीदार पकडला गेल्यावर बघतात तशा.

माहूत मावशीला आंघोळीला घेऊन गेला. डॉक्टरबाई पेन उघडून उभ्या राहिल्या. "मग काटा सहा किलो जास्त दाखवतो ते धरायचं, की काटा बरोबर आहे? मी नेमका कोणता आकडा लिहू?"

 काटा खोटा म्हणावं तर घराची अब्रू वाचत होती, स्वतःचा शब्द राहत होता, टाळ्या तर आधीच वाजून गेल्या होत्या. सहा किलोंनी हत्तिणीचं काय बिघडणार होतं? पण चांगल्या काट्याला खोटं ठरवणं हे पाप त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि पुढे तीस वर्षं इथे कोणी त्या काट्यावर विश्वास ठेवला नसता. नात त्यांच्याकडे बघत होती. शेवटच्या बाकावरची मुलगीही.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "पूर्णपणे बरोबर आहे. तीन हजार पाचशे आठ लिहा. चूक माझ्या नोंदीत आहे. यादीतल्या एका व्यक्तीचं वजन मी नीट पडताळलं नव्हतं. मघाशी मी काट्यावर आरोप केला तो मी परत घेतो."

"कोणाचं हो?" शिंप्याने विचारलं. बेचाळीस जणांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोटाकडे बघू लागला.

"ते गोपनीय आहे," काटेसाहेब म्हणाले. "हलगर्जीपणा निरीक्षकाचा आहे."

यावर काकूंनी काट्यावरून उतरल्यावर हातात घेतलेली पिशवी वर्गबाईंकडे दिली. त्या कठड्याच्या आत गेल्या, चौथऱ्याच्या बरोबर मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात डोक्याच्या वर धरले. हत्तिणीसाठी केलेल्या त्या पेटीत, वीतभर उंचीच्या लाल आकड्यांत, साऱ्या जगाला दिसेल असा आकडा आला. सत्तर.

"लिहा," काकू म्हणाल्या. "आणि हलगर्जीपणा यांचा एकट्याचा नाही. सहा वर्षं दर महिन्याला हे माझ्यापुढे गुडघे टेकून बसतात. एकदा तरी मान वर करून बघतील, असं मला वाटायचं."

 शिंप्याने टेपचं टोक उगाच गुंडाळलं. मग शेवटच्या बाकावरची मुलगी नातीला म्हणाली, तुझ्या आजोबांनी खरंच केलं वजन, हत्तिणीचंपण आणि तुझ्या आजीचंपण. एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. फाटकावरच्या कारकुनाने त्रेचाळीस प्राणी परत गेल्याची नोंद केली.

पुढच्या आठवड्यात मावशीच्या पायाचं नख साफ झालं. ती वेळेवर झोपली, वेळेवर उठली आणि उठल्या उठल्या तिने भोपळा मागितला. पाटीवरचा आकडा बदलला. नातीने दहावी ओळ लिहिली, आणि वर्गबाईंनी तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

एक तारखेला काटेसाहेबांनी कपाटाशेजारचा काटा उचलला आणि खोलीच्या मधोमध, जिथे धरायला काहीही नव्हतं अशा जागी आणून ठेवला. काकू चढल्या. काटेसाहेबांनी गुडघे टेकले आणि भिंग काढलं. मग भिंग खिशात ठेवलं आणि नातीला हाक मारली.

"बयो, काटा तू वाच," ते म्हणाले. "मी वर बघतो."

निळ्या वहीत त्या दिवशीची नोंद नातीच्या अक्षरात आहे. वजन एकोणसत्तर. शेरा : हात मोकळे होते. आजी हसत होती, म्हणून काटा हलत होता.